उंदीर पडला नाही

सन १९०३, मार्गशीर्ष महिना. चाळीसगाव-धुळे फाट्यावरची गाडी सुरू होऊन तीनच वर्षं झाली आहेत. धुळ्याच्या अलीकडे एका लहानशा स्टेशनावर तुम्ही उतरता. खिशात डॉक्सीसायक्लिनची पट्टी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण ती बाहेर काढायची नाही. या प्रवासाची अट एवढीच आहे की बघायचं, ऐकायचं, हात लावायचा नाही. प्लेगवर खात्रीनं चालणारं पहिलं औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडायला अजून चाळीस वर्षं आहेत. तोवर तुमच्या खिशातल्या शहाणपणाला इथे काडीचा अर्थ नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी आला असता तर फलाटावरच अडवलं असतं. जीभ काढा, हात वर करा, काख दाखवा, जांघ दाखवा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. ॲकॅसिओ व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला, फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला, आणि सरकारी हात लोकांच्या देवघरापर्यंत पोहोचले. जून १८९७ मध्ये पुण्यात रँड या प्लेग अधिकाऱ्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यानंतर हळूहळू सरकारही शहाणं झालं. आता सक्ती कमी आणि विनवणी जास्त. हाफकिनची लस टोचून घ्या, घराला चुना लावा, गाव सोडून रानात राहायला जा.

पायवाट काळ्या रानातून जाते. वेचणीला आलेला कापूस दोन्ही बाजूंनी पांढरा फुटलाय, पण वेचायला माणसं थोडीच. गाव लागतं. धाब्याची घरं, हातभर जाड मातीच्या भिंती, खिडकी म्हणाल तर वीतभर झरोका. दारांना कड्या घातलेल्या, काही दारांपुढे बाभळीच्या काट्या ओढलेल्या. कुत्रीसुद्धा माणसांमागे गेलीत. एका ओट्याजवळ तुम्ही घोटाळता, तेव्हा शेताच्या बाजूनं एक म्हातारी हातवारे करत येते.

“आठे नका थांबू भाऊ. घरमा उंदीर पडना शे.”

तुम्ही तिच्या मागोमाग निघता. गावापासून हाकेच्या दुप्पट अंतरावर, विहिरीच्या आसपास झोपड्या उठल्यात. पऱ्हाट्यांचे कूड, वरून ज्वारीचा कडबा, तुराट्यांचं दार. चुली पेटलेल्या आहेत, पोरं थंडीत कुडकुडत शेकताहेत, कोणाच्या तरी म्हशीला रेडकू झालंय. रोगाचं गाव असं वाटतच नाही, जत्रेला उतरलेली माणसं वाटतात. मग एका झोपडीतून कण्हणं ऐकू येतं. तीन दिवसांचा ताप, जांघेत लिंबाएवढी गाठ. केसरीसारख्या पत्रांत याला ग्रंथिक सन्निपात म्हणतात, इथे नुसतं ‘गाठ’ म्हणतात. ती फुटून वाहिली तर माणूस वाचण्याची आशा, नाहीतर पाचव्या-सहाव्या दिवशी आटोपतं. मरीमातेला नारळ झालंय, लिंबाचे डहाळे झालेत. लसवाल्या डॉक्टराचं नाव निघालं की दोघी-तिघी बायका तोंड फिरवतात.

म्हातारीला तुम्ही विचारता, गाव सोडायचं कोणी सांगितलं? तलाठ्यानं? तिला प्रश्नच कळत नाही. आधी आढ्यावरून, बळदातून उंदीर पडायला लागतात. झिंगल्यासारखे दिवसाउजेडी बाहेर येतात, माणसाला भीत नाहीत, गोल गोल फिरतात आणि मरतात. असा उंदीर पडला की त्या घरात रात्र काढायची नाही. दार ओढायचं, निघायचं. मेलेल्या उंदराला हात लावायचा नाही. उन्हाळ्याची झळ लागली की परत यायचं.

इथे थोडं थांबा, कारण एवढं नेमकं ज्ञान १९०३ साली जगातल्या फार थोड्या प्रयोगशाळांत आहे. पाच वर्षांपूर्वी, १८९८ मध्ये, पॉल-लुई सिमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरानं कराचीत प्रयोग करून दाखवला की उंदराचा प्लेग दुसऱ्या उंदरात पिसू नेते. त्यावर बड्या मंडळींनी नाकं मुरडली. सरकारी फवारे अजून जमिनी धुताहेत, कारण रोग मातीत, घाणीत, हवेत आहे असं बहुतेकांचं मत आहे. परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हाफकिन यांनी प्रयोगशाळा थाटली आहे. तिथे पुढे, १९०५ नंतर, प्लेग कमिशनचे लोक रिकाम्या घरांत गिनीपिग सोडतील, त्यांच्या अंगावर चढलेल्या पिसवा मोजतील आणि सिमाँचं म्हणणं खरं ठरेल. म्हातारीला पिसू ठाऊक नाही. पण पिसू काय करते ते ठाऊक आहे.

घडतं ते असं. उंदीर मेला, अंग गार पडलं की पिसवा त्याला सोडतात. प्लेगचे जिवाणू पिसवेच्या अन्नमार्गात गोळा होऊन अडकतात. रक्त पोटात उतरत नाही, भूक भागत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा चावते, आणि प्रत्येक चाव्यात अडकलेले जिवाणू चावलेल्याच्या अंगात उलटतात. घरात उंदीर उरले नाहीत की चावायला माणूस असतोच. म्हणजे उंदीर पडणं आणि माणूस पडणं यांच्यामध्ये काही दिवसांची फट असते. त्या फटीत म्हातारी कुटुंब घेऊन रानात निघून गेली. खानदेशातला कोरडा उन्हाळा पिसवांना सोसत नाही, म्हणून चैत्र-वैशाखात घरी परतणंही बरोबर. मला विचाराल तर त्या काळातल्या सगळ्या सरकारी परिपत्रकांपेक्षा हा नियम सरस होता.

सरस होता, पुरेसा नव्हता. पलीकडच्या झोपडीतला एक जण जळगावला भावाकडे निघालाय, बैलगाडीत दाण्याची चार पोती टाकून. त्या पोत्यांत काय जातंय ते तुम्हाला कळतं आणि तुम्ही ओठ चावून गप्प बसता. शिवाय रानात जायला रान लागतं. ज्याची विहीर, ज्याचा मळा, त्यानं झोपडी घातली. गावकुसाबाहेर राहणाऱ्या सालदारानं कोणाच्या बांधावर कूड उभा करायचा? तो आपल्या झोपडीतच आहे, आणि मालकाच्या बंद घराची राखण त्याच्याकडेच आहे. रात्री तो तिथेच, ओट्यावर झोपतो.

१८९६ पासून दोन-अडीच दशकांत प्लेगनं हिंदुस्थानात एक कोटीच्या आसपास माणसं नेली. आकडा ऐकून काही होत नाही. जळगावात चौधऱ्यांच्या वाड्यात एक बाई जात्यावर बसून ओव्या रचते आहे, तिचं नाव पुढे साऱ्या महाराष्ट्राला कळेल. बहिणाबाईंचा मुलगा ओंकार याला प्लेग झाला, तो वाचला, पण कायमचा अपंग झाला. प्लेगच्या इतिहासात मेलेले मोजले जातात. वाचून अधू झालेल्यांचे रकाने कुठे दिसत नाहीत.

आणखी एक गोष्ट बघून पुढे जाऊ. गावातला काळा उंदीर पडतो, पण प्लेगचं मूळ घर तो नाही. शेताच्या बांधावर, बिळात, लांब गोंडेदार शेपटीचा एक उंदीर राहतो, हरणासारखा उड्या मारतो. प्राणिशास्त्रज्ञ त्याला टटेरा म्हणतात. त्याच्यात प्लेगला दाद न देण्याची ताकद बरीच असते. रोगजंतू अशा रानउंदरांत वर्षानुवर्षं धुमसत राहतात आणि त्यांच्या पिसवा घरच्या उंदराला लागल्या की तिथे वणवा पेटतो. घरचा उंदीर हा वणव्यातलं पहिलं लाकूड. तो पडतो म्हणून आपल्याला कळतं. रानातल्याकडे बघून काहीच कळत नाही.

आता एकदम १९९४ मध्ये चला, सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. नंदुरबार स्टेशन. अजून हा वेगळा जिल्हा नाही, धुळे जिल्ह्यातला तालुका आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी आली आहे आणि तिला दारं आहेत की नाहीत ते दिसत नाही, इतकी माणसं लटकली आहेत. तोंडाला रुमाल, टॉवेल, साडीचे पदर. गणपती बुडवून जेमतेम आठवडा झालाय. सुरतेत वेड रोडच्या बाजूला माणसं खोकत, रक्ताची थुंकी टाकत दोन-तीन दिवसांत मेली, ही बातमी पसरली आणि काही दिवसांत काही लाख लोकांनी शहर सोडलं. त्यात खानदेशी माणूस मोप. लिंबायत, उधना इथे धुळे-जळगावची अर्धी भाऊबंदकी लूमवर कामाला आहे.

तुम्ही डब्यात घुसता. एका पोरानं मांडीवर डबा धरलाय, त्यात टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल आहेत. सुरतेत दुकानं रिकामी झालीत, या त्यानं कुठून तरी चढ्या भावानं आणल्यात. घरातल्या सगळ्यांना एकेक दिली, स्वतः दोन खाल्ल्या. किती दिवस खायच्या ते त्याला कोणी सांगितलेलं नाही. मगाशी जे औषध तुम्ही खिशात दाबून धरलं होतं, त्याचाच हा भाऊ. नव्वद वर्षांत औषध आलं, आणि ते मुठीत घेऊन माणूस तसाच पळतोय.

“उंदीर पडले होते का खोलीत?” तुम्ही विचारता. शिंदखेड्याचा एक म्हातारा पटकन तुमच्याकडे बघतो. हा प्रश्न त्यानं आजीच्या तोंडून ऐकलेला असणार.

पोरगा खांदे उडवतो. “उंदीर कोण बघतंय? पुराचं पाणी होतं आठ दिवस. शेजारच्या खोलीतला खोकत होता, त्याला नेलं, तो परत आला नाही. तेवढं माहीत आहे.”

फरक नीट समजून घ्या. ऑगस्टात बीड जिल्ह्यातल्या मामला गावी जे झालं ते आजीच्या ओळखीचं होतं. आधी उंदीर पडले, पिसवा झाल्या, मग माणसांना गाठी आल्या. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर पडक्या, सोडलेल्या घरांतल्या धान्यावर उंदीर वाढले असावेत, असं तेव्हा सांगितलं गेलं. सुरतेचा प्लेग फुप्फुसाचा. तो खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जातो, त्याला मध्ये पिसू लागत नाही. इथे गाव सोडून रानात जाणं हा जुना उपाय उलटाच पडू शकतो, कारण रोगी सोबत येतो. पण हे डब्यात कोणाला सांगणार?

दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर. प्रत्येक स्टेशनावर पांढरे कोट घातलेले आरोग्य कर्मचारी, ताप आहे का, खोकला आहे का. अमळनेरला एक बाई खिडकीतून हाका मारते, तिचा दीर फलाटावर उभा आहे, पण चार हात लांब. “वहिनी, पोरांना घेऊन शेतातल्या खोलीवर जा. आई म्हणते आठ दिवस तिथेच.” बाईच्या डोळ्यांत पाणी येतं. दिराचं मात्र चुकत नाही. त्या आईनं काय केलं, तर जुनाच नियम काढला, आणि या वेळी तो माणसांना लावला. योगायोगानं बरोबर लावला.

फार माणसं मेली नाहीत. देशभरात पन्नासहून थोडी अधिक, आणि खानदेशात गावंच्या गावं उजाड होण्याची वेळ आली नाही. पण हा प्लेगच होता का, यावर डॉक्टरांमध्ये बराच काळ वाद चालला. जिवाणू वाढवून दाखवायला सुरुवातीला प्रयोगशाळा कमी पडल्या, दुसऱ्या रोगांची नावं पुढे आली, आणि सुरतेत उंदीर पडल्याची ओरड फारशी ऐकू आली नव्हती, यावरही बोट ठेवलं गेलं. पुढे जनुकीय तपासण्यांनी प्लेगच्या बाजूनं कौल दिला. सुरतेनं १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या काळात कात टाकली, ती कथा सर्वांना माहीत आहे आणि ती सुरतेची आहे. मला त्या वादातलं एवढंच हवंय की, उंदीर पडला नाही म्हणजे काय समजायचं?

या प्रश्नासाठी खानदेश थोडा वेळ सोडावा लागेल. १९५१ सालच्या कोरियात चला, हंतान नदीच्या काठी. युद्ध चालू आहे. संयुक्त राष्ट्रांच्या फौजेतले सैनिक तापानं फणफणतात, डोळे लाल, चेहरा सुजलेला, मग लघवी बंद, अंगातून रक्त. युद्ध संपेपर्यंत असे तीन हजारांवर सैनिक आजारी पडतात. अमेरिकी लष्करानं खंदकाजवळचे किडे, उंदीर, पाणी सगळं तपासलं, कारण सापडलं नाही. पंचवीस वर्षं! शेवटी १९७६ मध्ये हो वांग ली या कोरियन शास्त्रज्ञानं पाठीवर काळा पट्टा असलेल्या एका शेतउंदराच्या फुप्फुसात त्याचा माग काढला. नदीवरून नाव पडलं, हंता विषाणू.

ज्यात सापडला तो उंदीर ठणठणीत होता. तो पडणारच नव्हता. हंता कुळातले विषाणू आणि त्यांचे उंदीर फार जुने सोबती आहेत. एकदा लागण झाली की उंदीर मरेपर्यंत विषाणू बाळगतो, लघवीतून, लेंड्यांतून, लाळेतून सोडत राहतो, आणि स्वतः खातो, पितो, पिलं घालतो. मध्ये पिसू नाही, गोचीड नाही. लघवी वाळते, धूळ होते, कोणी झाडू मारतं, धूळ उडते, श्वासात जाते. बस्स. आफ्रिकेतला लासा ताप असाच उंदरातून येतो, घरच्या चिमुकल्या उंदराचा मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक विषाणू आहे, तोही असाच. यांपैकी कोणीही आधी उंदीर पाडून वर्दी देत नाही.

पुढचा थांबा मे १९९३, न्यू मेक्सिको. एक तरुण नवाहो धावपटू दम लागून इस्पितळात येतो आणि काही तासांत जातो, फुप्फुसात पाणी भरून. काही दिवसांपूर्वी त्याची वाग्दत्त वधूही अशीच गेली होती. पुन्हा हंता, पण नवा. कोरियातला मूत्रपिंडाला धरत होता, हा फुप्फुसाला धरतो आणि दहांतल्या तिघा-चौघांना नेतो. त्या भागात आदल्या हिवाळ्यात पाऊस-बर्फ भरपूर झालं, पिन्यॉन पाइनच्या बिया मुबलक आल्या आणि रानउंदीर कित्येक पटींनी वाढले. हे शास्त्रज्ञांना कसं कळलं? मोजण्या त्यांनी केल्या, पण नवाहो जमातीतली वडीलधारी मंडळी आधीच सांगत होती. १९१८ मध्ये असं झालं होतं, १९३३ मध्ये झालं होतं. बिया खूप आल्या की उंदीर वाढतात आणि उंदीर घरात शिरले की तरणी माणसं मरतात. उंदीर ज्या कपड्यावरून गेला तो कपडा वापरायचा नाही.

धुळ्याजवळची म्हातारी पडलेल्या उंदराकडे बघत होती. नवाहो म्हातारे उंदरांच्या संख्येकडे बघत होते. आपल्याला त्यांची नजर आता उसनी घ्यावी लागेल.

आणि हे सगळं परदेशात घडलं म्हणून सोडून देऊ नका. १९६४ मध्ये तमिळनाडूत वेल्लोरच्या तोट्टापाळयम भागात एक चिचुंद्री पकडली गेली. तिच्यातून एक विषाणू वेगळा काढला गेला, नाव ठेवलं तोट्टापाळयम, आणि कागद फडताळात गेले. तो हंता कुळातला आहे हे बऱ्याच वर्षांनी उमगलं. म्हणजे कोरियाच्या आधी बारा वर्षं तो भारतात हाती लागला होता. चिचुंद्री खरं तर उंदीर नव्हे, किडे खाणारा वेगळाच प्राणी, आणि तोट्टापाळयमनं माणसं आजारी पडल्याचा बोभाटा नाही. पण वेल्लोरच्याच संशोधकांना पुढे दक्षिणेतल्या काही निरोगी माणसांच्या रक्तात हंतासारख्या विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडं आढळली. त्यांत उंदीर पकडण्यात पटाईत असलेले इरुळा आदिवासी होते आणि धान्याच्या गोदामातले कामगार होते. गोदामातले!

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सिंधुदुर्गात दोडामार्गला २०१६ मध्ये एक धडा मिळाला. काजूच्या बागांत माकडं मरून पडू लागली, मग माणसांना ताप आला. लोकांनी त्याला माकडताप म्हटलं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं या क्यासनूर तापाचा विषाणू १९५७ मध्येच, कर्नाटकातल्या शिमोगा भागात, ओळखला होता. तिथेही गंमत तीच. माकड पडतं म्हणून नाव माकडाचं झालं. विषाणूला जंगलात वर्षभर जिवंत ठेवणारी साखळी गोचिडांची आणि लहान प्राण्यांची, त्यात रानउंदीर आणि चिचुंद्र्याही. त्या पडत नाहीत, त्यांचं नाव कोणी घेत नाही.

आता घरी या. पारोळा तालुक्यातलं कोणतंही गाव, गेल्या कुठल्याही वर्षीचा फेब्रुवारी. घराच्या पुढच्या खोलीत कापूस भरलाय, छतापर्यंत. भाव वाढेल म्हणून दिवाळीपासून ठेवलाय. घरातली माणसं मागच्या खोलीत आणि ओट्यावर. कापसानं अंगाला खाज सुटते, पोरांच्या मानेवर पुरळ उठलंय, ते आता सवयीचं झालंय. रानातलं पीक निघालं, ज्वारी-बाजरी खळ्यावर आली, तसं रानातल्या उंदरांचं खाणं-लपणं संपलं आणि ते गावाकडे सरकले. त्यांच्या दृष्टीनं ती कापसाची खोली म्हणजे मऊ, उबदार, अंधारी, निवांत जागा. बाजूला गव्हाच्या कोठ्या. घूस ओट्याखाली पोखरतेय, ती वेगळी.

व्यापाऱ्याचा ट्रक येतो. खोली रिकामी होते. खाली उरतो कचरा, सरकीची टरफलं, लेंड्या, वाळलेले डाग, कापसाचा भुगा. घरधनीण पदर कमरेला खोचते आणि केरसुणी घेते.

थांबा, इथेही हात लावता येणार नाही, पण सांगता येतं. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास खोली तशीच सोडायची. कोरडा झाडू मारायचा नाही. ब्लीचिंगच्या द्रावणाचं एक माप, पाण्याची नऊ, हे लेंड्यांवर आणि डागांवर शिंपडून पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचं आणि मग ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं, हातात पिशवी किंवा मोजे घालून. ऊन आत येऊ शकलं तर फारच छान, उन्हात हे विषाणू टिकत नाहीत, अंधाऱ्या गार कोपऱ्यात काही दिवस टिकतात. नाकाला रुमाल बांधला तर नाही पेक्षा बरं. एवढ्यानं लेप्टोस्पायरोसिसचाही धोका कमी होतो, तो जिवाणूचा रोग पण वाट तीच, उंदराची लघवी. मांजर पाळून भागेल असं वाटत असेल तर मांजराला कापसाच्या डोंगरात शिरता येतं का ते एकदा बघा.

या खोलीत हंता आहेच, असं मी म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच की जो विषाणू उंदराला पाडत नाही, त्याचा पत्ता उंदराकडे बघून लागणार नाही. रक्त तपासावं लागेल, माणसाचं आणि उंदराचं. आणि तपासायचं तर आधी कोणाला तरी शंका यावी लागेल.

ती शंका येण्याची जागा धुळ्यात आहे, एका दवाखान्याच्या ओपीडीत, दोन आठवड्यांनी. त्याच घरातला तिशीचा मुलगा बाकावर बसलाय, चार दिवस ताप, कंबर आणि पोट दुखतंय, पेशी कमी झाल्यात, आजपासून लघवी कमी होतेय. डेंग्यूचा रिपोर्ट नाही आला, म्हणजे निगेटिव्ह आला. मलेरिया नाही. लेप्टो आणि स्क्रब टायफसचे नमुने गेलेत. या चौघांची यादी आपल्या तापाच्या मोसमात ठरलेली असते, डॉक्टर झोपेतही म्हणू शकतात. ती संपल्यावर काय? बहुतेक ठिकाणी केसपेपरवर ‘विषाणूजन्य ताप’ लिहिलं जातं. सलाईन, किडनीवर लक्ष, गरज पडली तर डायलिसिस. बरेच रोगी यावर बरेही होतात, कारण हंताच्या मूत्रपिंडाच्या तापावर मुख्य उपचार तरी काय, तर वेळेवर सांभाळ. बरा झालेला रोगी घरी जातो आणि कारणाचा शोध तिथेच थांबतो.

पण आज ड्यूटीवरची निवासी डॉक्टर पोरगी चौकस आहे. ती म्हाताऱ्या बापाला विचारते, “बाबा, घरात उंदीर आहेत का?”

म्हातारा दचकतो. त्याच्या डोळ्यांपुढे आजीची गोष्ट उभी राहिली असणार. “नाही हो ताई. एकबी पडला नाही. तसं काही नाही आमच्या गावात.”

ती पेन थांबवते. “पडले का नाही विचारत. आहेत का? कापूस घरात होता ना? ती खोली कोणी झाडली, कधी?”

म्हातारा मुलाकडे बघतो, मग तिच्याकडे. खोली मुलानं आणि सुनेनं झाडली, ट्रक गेला त्या दिवशी, हे तो बोटं मोजून सांगतो. आणि मग, एवढ्या साध्या गोष्टीची चौकशी का चालली आहे ते न कळून, जरा घुश्शातच म्हणतो,

“उंदीर तं दरसाल ऱ्हातस, ताई. त्यामा काय सांगानं?”